जयसिंगाच्या फौजेत कोण कुठं उभं होतं? जुन्या कागदांवरून सैन्याचा तक्ता कसा मांडायचा

औरंगजेबाचा सरदार दिलेरखान आपल्याकडं येऊन गेलाय हे नागपुरात फार कमी लोकांना माहीत असतं. १६६७ मध्ये तो मुघल फौज घेऊन चांदा आणि देवगडच्या गोंड राजांकडून वसुली करायला आला होता. तेव्हा नागपूर हे शहर म्हणून नव्हतंच, ते देवगडच्याच बख्त बुलंद शाहनं नंतर १७०२ च्या सुमारास वसवलं. मी या दिलेरखानाचा माग काढत होतो, इथं यायच्या आधी हा माणूस कुठं होता, कुणाच्या हाताखाली होता, सोबत किती घोडा होता, आणि असं मागं मागं जाता जाता पोचलो थेट मिर्झाराजा जयसिंगाच्या विजापूर मोहिमेत, म्हणजे नोव्हेंबर १६६५. तिथं हा दिलेरखान सगळ्या फौजेच्या तोंडाशी, हरावलीवर. मग वाटलं की अख्ख्या फौजेचाच तक्ता मांडून बघू, कोण मध्यात, कोण उजव्या बगलेत, कोण पिछाडीला. त्यात किती वर्षं गेली ते सांगत नाही, पण आता नवीन मुलं-मुली विचारून राहिले की दादा हे काम सुरू कुठून करायचं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

इंग्रजी पुस्तकांत याला ऑर्डर ऑफ बॅटल म्हणतात. आपण साधं सैन्याचा तक्ता म्हणू. एका विशिष्ट दिवशी एका फौजेत कोणकोण सरदार होते, प्रत्येकाकडं माणूस आणि घोडा किती, कोण कुणाच्या हुकमाखाली, आणि लढाईत उभं राहायची जागा कोणती. एवढंच. ऐकायला सोपं आहे, पण कुठल्याच कागदावर हे सगळं एकत्र लिहिलेलं नसतं, दहा ठिकाणचे तुकडे जोडावे लागतात, आणि जोडताना घाई केली की चुकीची फौज उभी राहते आणि ती दिसायला मात्र एकदम खरी दिसते.

पहिलं काम: एक तारीख पकडा

नवीन माणूस सुरुवातच अशी करतो की "मला विजापूर मोहिमेतली मुघल फौज काढायची आहे". मोहिमेची फौज अशी काही नसते हो. दिवसाची फौज असते. हीच मोहीम घ्या ना. जयसिंग पुरंदरच्या पायथ्यापासून निघाला २० नोव्हेंबर १६६५ च्या सुमारास, तेव्हा शिवाजी महाराज त्याच्या सोबत, नेताजी पालकरही सोबत. डिसेंबरच्या शेवटी विजापूरजवळ लढाया झाल्या, तेव्हाही हे सोबत. पण ५ जानेवारी १६६६ ला जयसिंगानं माघार सुरू केली, महाराज पन्हाळ्याकडं गेले, तिथला हल्ला फसला, आणि त्याच सुमारास नेताजी आदिलशाहीला जाऊन मिळाले. मार्चमध्ये तेच नेताजी परत मुघलांकडं, ५००० ची मनसब, म्हणजे मुघल नोकरीतला दर्जा, घेऊन. म्हणजे चार-पाच महिन्यांत एक माणूस तीन वेगवेगळ्या तक्त्यांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी. तुम्ही सगळे कागद एका पिशवीत ओतले तर नेताजी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी लढताना दिसतील.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहा. मी या मोहिमेसाठी तीन तक्ते केले, निघतानाचा, विजापूरसमोरचा आणि माघारीनंतरचा, आणि आजही कुणाला दाखवताना आधी विचारतो, कुठल्या दिवसाचा पाहिजे?

तारखेच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. या काळात एकाच घटनेला चार-पाच कॅलेंडरांतून तारखा येतात. फार्सी कागदात हिजरी महिना, आणि हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळं रात्रीच्या छाप्याची तारीख एका दिवसानं पुढं दिसते. बादशाही कागदात जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष. मराठी कागदात शक आणि तिथी, किंवा सुहूर सन, आणि तो आकड्यात नाही तर अरबी शब्दांत आणि उलटा: सीत सितैन अलफ म्हणजे सहा, साठ, हजार, झाले १०६६, त्यात ५९९ मिळवले की १६६५, आणि हे वर्ष उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आसपास बदलतं, म्हणून त्यातले उरलेले महिने १६६६ मध्ये जातात. इंग्रज कोठीवाले जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियनच आहे, आजच्या पद्धतीनं ती १६ जून येते. मराठीत यासाठी खरे जंत्री आहे, शिवकाळाच्या तिथी-तारखांचा मेळ त्यात घातलेला आहे, ती मिळाली की सोडू नका. तक्त्यात मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यात आणि बदललेली तारीख शेजारच्या रकान्यात, दोन्ही ठेवा. मूळ तारीख खोडली की मग चूक शोधायला मार्गच राहत नाही.

कागद कुठं आहेत

आधी आपल्या गावाचं सांगतो, कारण उत्साहात लोक सरळ नागपूरच्या पुराभिलेखागारात जातात आणि हात हलवत परत येतात. तिथं जा, जरूर जा, जुना कागद हातात कसा धरायचा, अर्ज कसा करायचा, पेन आत नेत नाहीत तर पेन्सिल न्यायची, हे सगळं शिकायला ती जागा उत्तम. पण भोसले नागपुरात आले अठराव्या शतकात, त्यामुळं सतराव्या शतकाच्या दख्खनी फौजांसाठी आपल्याला बाहेरच बघावं लागतं.

हैदराबादला तेलंगणाच्या राज्य पुराभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले मुघल दख्खन कारभाराचे दीड लाखाच्या घरात कागद आहेत, या विषयासाठी एवढा मोठा साठा दुसरीकडं नाही. बिकानेरला जयपूर दरबाराचं दफ्तर आहे, जयसिंग त्याच घराण्याचा, आमेरचा राजा, त्यामुळं त्याच्या घरचे कागद आणि दरबारातून येणारे अखबारात, म्हणजे बातमीपत्रं, तिकडं. मध्य प्रदेशात सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानात फार्सी हस्तलिखितांच्या नकला आहेत. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ. पेशवे दफ्तर प्रचंड आहे पण त्यातलं बहुतेक अठराव्या शतकाचं.

पण नवीन माणसानं लगेच तिकीट काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक वर्ष छापील साधनांवर काढा. सेतुमाधवराव पगडींनी मुघल दरबारची बातमीपत्रं मराठीत आणली, ग. ह. खऱ्यांनी फार्सी कागद मराठी अनुवादासह छापले, हे सगळं आपल्या भाषेत बसून वाचता येतं आणि मोठ्या ग्रंथालयांत, विदर्भ संशोधन मंडळासारख्या ठिकाणी किंवा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत विचारलं की काही ना काही हाती लागतं. तेवढ्यात मोडी शिकून घ्या, नागपुरात अधूनमधून वर्ग होतात. फार्सी शिकाल तर फारच छान. आणि फार्सी हिशेबाच्या कागदांत आकडे साध्या अंकांत नसतात, सियाक नावाच्या एका आखूड लिपीत असतात, भाषा येत असूनही ते वाचता येत नाहीत, त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

कुठल्या कागदावर किती विश्वास

माझी एक साधी कसोटी आहे. हा कागद कशासाठी लिहिला गेला? पगार द्यायला लिहिला असेल तर आकड्याकडं लक्ष द्या, कारण पैसे देणारा मोजून देतो. कौतुकासाठी लिहिला असेल तर नावं घ्या, आकडे बाजूला ठेवा.

सगळ्यात वरच्या पायरीवर हजेरीचे आणि पगाराचे कागद. मुघलांमध्ये दाग आणि चेहरा अशी पद्धत होती, घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचं वर्णन लिहून ठेवायचं, म्हणजे एकाचा घोडा दुसऱ्यानं दाखवून पगार उचलू नये. हैदराबादच्या साठ्यात हे अर्ज-ओ-चेहरा कागद आहेत. त्यात स्वाराचं नाव, बापाचं नाव, जात-जमात, रंग, चेहऱ्यावरचे तीळ, जखमेचे व्रण, मग घोड्याचा रंग आणि खुणा. तीनशे साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक साधा स्वार, ज्याचं नाव कुठल्याही बखरीत नाही, तो असा चेहऱ्यासकट समोर येऊन उभा राहतो. मी पहिल्यांदा असा कागद वाचला तेव्हा दिवसभर दुसरं काही केलं नाही.

त्याखाली सेनापतीची पत्रं. जयसिंगाच्या मोहिमेचं नशीब असं की त्याचा मुनशी उदयराज यानं लिहिलेली पत्रं हफ्त अंजुमन नावाच्या संग्रहात टिकून राहिली. बादशहाला, शहजाद्यांना, सरदारांना लिहिलेली पत्रं. कोणाला कुठं ठेवलं हे इथं सेनापतीच्या तोंडून कळतं. पण लक्षात ठेवा, जयसिंग जिंकत असताना लिहितो तेव्हा एक सूर असतो आणि माघारीनंतर लिहितो तेव्हा दुसरा. पैसे मागताना आपली फौज थोडी दाखवायची, यश सांगताना शत्रूची जास्त दाखवायची, हे कुठल्याही सेनापतीच्या पत्रात धरूनच चालायचं.

त्याखाली दरबारी इतिहास, आलमगीरनामा वगैरे. मनसबीची बढती, खिलती म्हणजे मानाची वस्त्रं, कोण कुठं तैनात झाला, याला हे फार उपयोगी, आणि दिलेरखानाच्या चांदा-देवगड स्वारीची हकीकतही तिथंच आहे. मग परदेशी लोक, निकोलाव मनुची तर स्वतः जयसिंगाच्या तोफखान्यात होता, माणसं कशी बोलत-वागत होती ते तो सुंदर सांगतो, पण म्हातारपणी आठवणीतून लिहिलेलं आहे. आणि आपल्या बखरी. सभासदानं बखर लिहिली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे थोरल्या महाराजांच्या निधनानंतर दहा वर्षांहून जास्त काळानं. व्यवस्था कशी होती यासाठी ती अमूल्य आहे, अमुक दिवशी किती माणूस होता यासाठी नाही.

तक्ता कशात करायचा

साधी एक्सेल शीट पुरे. रकाने असे ठेवा: नाव जसं कागदात आहे तसं, ओळख पटलेलं नाव, मनसब किंवा हुद्दा, कागदातला आकडा, तुमचा अंदाजाचा आकडा (कमीत कमी आणि जास्तीत जास्त), कुणाच्या हाताखाली, फौजेतली जागा, मूळ तारीख, बदललेली तारीख, कागद कोणता, आणि शेवटी तुमचं मत. एका कागदातल्या एका उल्लेखाला एक रांग. दिलेरखानाचा उल्लेख आठ ठिकाणी असेल तर आठ रांगा. त्यांचं एकत्रीकरण दुसऱ्या शीटवर. लोक आळस करतात आणि सुरुवातीलाच एकत्र करतात, मग सहा महिन्यांनी कळत नाही की ७५०० हा आकडा कुठून आला होता.

नावांचा गुंता

इथं मी स्वतः चांगला वर्षभर चुकलो होतो. माझ्या तक्त्यात राजा रायसिंह डाव्या बगलेवर होता आणि त्याचा मागचा-पुढचा इतिहास काही केल्या जुळेना, कधी राठोडांकडचा निघायचा, कधी सिसोदियांकडचा. मग लक्षात आलं की औरंगजेबाच्या नोकरीत रायसिंह दोन आहेत, एक राठोड आणि एक सिसोदिया, आणि मी दोघांना एकाच रांगेत कोंबलं होतं. विजापूरच्या कूचात डाव्या बगलेवर होता तो रायसिंह सिसोदिया. वर्षभराच्या रांगा पुन्हा सोडवाव्या लागल्या.

उलटंही होतं, एक माणूस दोन नावांनी. नेताजी पालकर पुढं मुघलांकडं मुहम्मद कुलीखान झाले, त्यामुळं नंतरच्या फार्सी कागदात नेताजी शोधाल तर सापडणार नाहीत. दिलेरखान हीसुद्धा पदवी आहे, मूळ नाव जलालखान. खानाची पदवी तर मेलेल्या सरदाराची दुसऱ्याला दिली जायची, एकच बहादुरखान दर दहा वर्षांनी वेगळा माणूस असू शकतो. म्हणून पदवीबरोबर नेहमी टोळी, बाप-भाऊ आणि तारीख लावा. त्यात फार्सी लिपीत मराठी आडनावं अशी काही बिघडतात की ओळखायला त्या भागातल्या देशमुख घराण्यांची माहितीच उपयोगी पडते.

मनसब म्हणजे माणसं नव्हेत

हा भाग सावकाश वाचा, नव्वद टक्के तक्ते इथंच बिघडतात.

मुघल सरदाराच्या नावापुढं दोन आकडे येतात, जात आणि स्वार. जात म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा आणि पगार. स्वार म्हणजे त्यानं घोडेस्वार किती ठेवायचे त्याचा हिशेब. नवीन माणूस ५००० जात बघतो आणि पाच हजार माणसं मांडतो. जातीचा माणसांशी संबंधच नाही. बरं, स्वार आकडा तरी सरळ घ्यावा का? तोही नाही. शाहजहानच्या काळापासून नियम असा की जहागीर ज्या सुभ्यात आहे तिथंच चाकरी असेल तर स्वार आकड्याच्या एक तृतीयांश घोडा हजर करायचा, दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश, बल्खच्या मोहिमेला तर एक पंचमांशावर आणलं होतं.

वर काही स्वार दोअस्पा-सिअस्पा, म्हणजे शब्दशः दोन-तीन घोड्यांचे, असायचे, त्यांचा हिशेब दुप्पट. समजा एक सरदार ३००० जात, २००० स्वार, त्यातले ५०० दोअस्पा-सिअस्पा. मग १५०० साधे आणि ५०० चे दुप्पट १०००, झाले २५००. याचा तिसरा हिस्सा ८३३, चौथा ६२५. म्हणजे ज्याला तुम्ही तीन हजारी म्हणून तीन हजार माणसं देणार होता त्याच्यावर बंधन होतं सहा-सातशे ते आठशे घोड्यांचं. आणि हे बंधन झालं. हजर किती झाले ते अजून वेगळं, दख्खनच्या जहागिरींचं उत्पन्न कागदावरच्यापेक्षा कमी यायचं आणि सरदार त्या मानानं माणसं कमी ठेवायचे. म्हणून मी अंदाजाच्या रकान्यात एक आकडा कधीच लिहीत नाही, ६२५ ते ८३३ असंच लिहितो, आणि हजेरीचा कागद मिळाला तरच एक आकडा.

याचं आपल्या ओळखीचं उदाहरण पुरंदरच्या तहातच आहे. जून १६६५ च्या तहात संभाजीराजांच्या नावे ५००० ची मनसब ठरली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आणि विजापूरच्या मोहिमेत मदत काय द्यायची? त्या मनसबीचे २००० घोडे आणि महाराजांच्या स्वतःच्या हाताखाली ७००० पायदळ. पाच हजारीची मनसब, घोडे दोन हजार, मनसबदार आठ वर्षांचा, आणि प्रत्यक्ष रणात घोडदळ सांभाळायला नेताजी पालकरांसारखा सरनोबत. हे उदाहरण एवढ्यासाठी आवडतं की एका ओळीत सगळं कळतं. नाव एकाचं, आकडा दुसराच, आणि लढणारा तिसरा.

मराठी बाजूची मोजणी

मराठी फौजेत मनसब नाही, इथं हुद्द्यांची उतरंड आहे. सभासद सांगतो ती पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना अशी: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला म्हणजे सव्वाशे, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सगळ्यांवर सरनोबत. गंमत बघा, हजारी म्हटलं तरी खालून मोजत आलं की १२५० होतात. पायदळाची उतरंड वेगळी, तिथं नाईकापासून सुरुवात. हे दोन्ही एकात मिसळू नका.

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा-हत्यार घेऊन येणारा. पागेचा आकडा त्यातल्या त्यात टिकाऊ असतो, शिलेदारांचा मोहिमेगणिक बदलतो. पाऊस सुरू झाला की फौज छावणीला, त्यामुळं आषाढातला आकडा आणि दसऱ्यानंतरचा आकडा यांची तुलनाच होत नाही. आणि बखरीत मोठा गोल आकडा आला, चाळीस हजार, लाख, तर तो "फार मोठी फौज" असा शब्द समजून वाचा.

जागा दाखवणारे शब्द

कागदात जागा सरळ "उजवीकडं" म्हणून लिहिलेली नसते. हरावल म्हणजे पुढची फळी, मराठीत बिनी. करावल म्हणजे त्याच्याही पुढं टेहळणी करणारे. मैमना किंवा बरानघार उजवी बगल, मैसरा किंवा जरानघार डावी. कोल किंवा कल्ब म्हणजे मध्य, सेनापती इथं. हरावल आणि मध्य यांच्या मध्ये जी राखीव तुकडी असते ती इल्तमश. चंदावल म्हणजे पिछाडी. आणि हे शब्द आले म्हणजे ती लढाईची किंवा कूचाची रचना आहे, वेढ्याची नाही. वेढ्यात मोर्चे असतात, अमका सरदार अमक्या बुरुजासमोर. पुरंदरच्या वेढ्याचा तक्ता आणि विजापूरच्या कूचाचा तक्ता मी आधी एकाच नमुन्यात बसवायला गेलो होतो, ते बसत नाही, वेढ्याला किल्ल्याचा नकाशाच काढावा लागतो.

सगळं जुळवून बघणं

आता निघतानाच्या कूचाचा तक्ता. मध्यात स्वतः जयसिंग १२०००. हरावलीवर दिलेरखान ७५००, तोफखाना त्याच्यासोबत. उजव्या बगलेला दाऊदखान कुरेशी आणि डावीला राजा रायसिंह सिसोदिया, प्रत्येकी ६००० च्या आसपास. इल्तमशीवर कुतुबुद्दीनखान आणि आणखी दोघे. जयसिंगाचा मुलगा कीरतसिंह मध्याच्या पुढं. आणि मध्याच्या डाव्या अंगाला शिवाजी महाराज ९०००.

बेरीज करा. बादशाही चार तुकड्या ३१५००, महाराजांचे धरून ४०५००. आता पहिली तपासणी: ९००० हा आकडा दुसऱ्या कागदाशी जुळतो का? तहात २००० घोडा आणि ७००० पायदळ, झाले बरोबर ९०००. छान वाटतं ना? पण थांबा. इतका बरोबर जुळतो म्हणजे दोन शक्यता, एक तर खरंच ठरल्याप्रमाणं माणसं आली, नाही तर लिहिणाऱ्यानं तहाचाच आकडा इथं उतरवला. वेगळ्या हातचा तिसरा कागद मिळेपर्यंत मत या रकान्यात हे दोन्ही लिहून ठेवायचं. एकाच झऱ्याचं पाणी दोन घड्यांत भरलं तर ते दोन झरे होत नाहीत.

दुसरी तपासणी तोफांची. मोठ्या फौजेत वेढ्याच्या तोफा असणारच असं धरून लोक त्या तक्त्यात घालतात. पण जयसिंग घाईनं पुढं गेला आणि वेढ्याचा जड तोफखाना परांड्यालाच राहिला. म्हणजे कूचात हरावलीसोबत तोफा आहेत पण विजापूरजवळ पोचल्यावर, २९ डिसेंबरला, तट फोडायच्या तोफाच नाहीत. माघारीचं हे एक मोठं कारण. दोन्ही तक्त्यांत तोफखान्याची रांग वेगवेगळी लिहिली नाही तर सेनापती उगाच परत फिरला असं वाटेल.

तिसरी तपासणी जमिनीची. ही मला सगळ्यात आवडते. नकाशा उघडा, पुरंदर, फलटण, मंगळवेढा, विजापूर असा रस्ता मांडा, रोजची मजल मोजा. चाळीस हजार लढणारे म्हटले की त्यांच्यामागं बुणगे म्हणजे न लढणारे नोकरचाकर, बाजार, बैल, उंट, हत्ती, घोडे. एवढ्यांना रोज पाणी आणि वैरण लागते. आदिलशाही लोकांनी विजापूरभोवतालच्या तळी-विहिरी निकामी केल्या, आसपासचा मुलूख उजाड केला. मग तुमच्या तक्त्यातली फौज तिथं किती दिवस टिकेल ते हिशेब करून बघा, प्रत्यक्षात जयसिंग आठवडाभरात मागं फिरला. तुमचा आकडा दुप्पट असता तर ती फौज तिथवर पोचली तरी असती का, हा प्रश्न विचारायचा. आपण विदर्भातले लोक, मे महिन्यात पाण्याचा टँकर काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

लढणारे आणि बुणगे हे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. परदेशी प्रवासी लांबून छावणी बघतात आणि लाख माणूस म्हणून लिहितात, ते खोटं बोलत नसतात, त्यांना दिसलेली छावणी तेवढीच असते, फक्त त्यातले बरेचसे लढणारे नसतात.

शत्रूचाही तक्ता करा, विजापूरकरांचा, पण दुसऱ्या फेरीत. सुरुवातीला मुघल कागदातले आदिलशाही आकडे भराल तर ते सगळे एकाच बाजूच्या डोळ्यांतून आलेले असतील, त्या रांगांना वेगळा रंग द्या आणि आदिलशाही कागद वाचून होईपर्यंत तो रंग काढू नका.

रिकामे चौकोन

तुमच्या तक्त्यात निम्मे चौकोन रिकामे राहतील. इल्तमशीत किती माणूस? चंदावलीवर कोण? नसेल सापडलं तर रिकामं ठेवा. अंदाजानं भरलेला चौकोन पुढच्या माणसाला खरा वाटतो, तो त्यावर स्वतःचा मजला चढवतो, आणि मग ते काढता येत नाही. मी एकदा कुणालातरी दिलेली शीट तीन हात फिरून परत माझ्याकडं आली तेव्हा माझाच प्रश्नचिन्ह लावलेला आकडा प्रश्नचिन्हाशिवाय आला होता. तेव्हापासून अंदाजाचे आकडे वेगळ्या रकान्यात, आणि तो रकाना नसलेली शीट मी कुणाला देत नाही.

सुरुवात करायची असेल तर एकाच माणसापासून करा, आणि नागपूरकरांनी दिलेरखानापासूनच करावी असं मला मनापासून वाटतं. पहिली रांग पुरंदरचा वेढा, १६६५. दुसरी विजापूरचं कूच, हरावल, ७५००. मग १६६७, चांदा आणि देवगड. या तिसऱ्या रांगेत विजापूरच्या हरावलीतली कोणती नावं पुन्हा येतात ते शोधा, ती जुनी माणसं त्याच्यासोबत इकडं आली का नवीन तैनात झाली. नावाचा रकाना आधी भरा, आकड्याचा नंतर.